सोळा औंसांचा पेला: न्यूयॉर्कचा शीतपेय-नियम कोणत्या मुद्द्यावर हरला?

न्यूयॉर्क शहरातील उपाहारगृहे, चित्रपटगृहे, क्रीडांगणे आणि हातगाड्या यांवर साखरयुक्त शीतपेय 16 औंसांहून, म्हणजे सुमारे 473 मिलिलिटरहून, मोठ्या पेल्यात विकू नये, असा नियम 12 मार्च 2013 पासून लागू व्हायचा होता. आदल्याच दिवशी न्यायमूर्ती मिल्टन टिंगलिंग यांनी तो रद्द ठरवला. त्यानंतर दोन अपिले झाली, शहराच्या वकिलांनी शिकस्त केली, मधल्या काळात महापौरही बदलले. परंतु 26 जून 2014 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही नियम अवैध ठरवला आणि विषय संपला. हा नियम एक दिवसही अमलात आला नाही.

अमलात न आलेल्या नियमाचा अभ्यास कशासाठी करायचा, असे कोणी विचारू शकेल. उत्तर असे की, या प्रकरणाविषयीची प्रचलित समजूत आणि प्रत्यक्ष निकाल यांत बरेच अंतर आहे. ‘माणसाने किती प्यावे हे सरकारने सांगू नये, म्हणून न्यायालयाने नियम रद्द केला’ अशी ती समजूत. न्यायालयाने सरकारला असा नियम करताच येणार नाही, असे म्हटलेले नाही. हा नियम शहराच्या आरोग्य मंडळाने केला होता आणि तो करण्याचा अधिकार त्या मंडळाला नव्हता, असे म्हटले आहे. नागरिकांच्या आरोग्यासाठी नियम करू पाहणाऱ्या कोणत्याही शहराला हा फरक महागात पडू शकतो.

आधीचे नियम

मायकेल ब्लूमबर्ग 2002 मध्ये महापौर झाले आणि 2013 च्या अखेरीपर्यंत त्या पदावर राहिले. शहराच्या आरोग्य खात्याची सूत्रे त्यांनी डॉ. थॉमस फ्रीडन यांच्याकडे दिली आणि 2009 मध्ये फ्रीडन केंद्र सरकारच्या सेवेत गेल्यावर डॉ. थॉमस फार्ली यांच्याकडे. साथीच्या रोगांपेक्षा हृदयविकार, मधुमेह आणि तंबाखू यांनी अधिक माणसे दगावतात, तेव्हा शहराच्या आरोग्य खात्याने त्यांनाही हात घातला पाहिजे, ही या तिघांची भूमिका होती.

पहिले मोठे पाऊल धूम्रपानबंदीचे. उपाहारगृहे आणि मद्यगृहे यांसह जवळजवळ सर्व बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपानास मनाई करणारा कायदा डिसेंबर 2002 मध्ये झाला आणि 30 मार्च 2003 पासून लागू झाला. मद्यगृहांच्या मालकांनी बराच गदारोळ केला, पण कायदा टिकला. हा कायदा सिटी कौन्सिलने, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांच्या सभेने, केला होता. ही बाब येथे नोंदवून ठेवतो. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरे पाऊल आरोग्य मंडळाने उचलले. हे मंडळ कौन्सिलहून वेगळे आहे. त्याचे मूळ 1866 च्या महानगर आरोग्य मंडळात आहे, त्यावरील सदस्यांची नेमणूक महापौर कौन्सिलच्या संमतीने करतात आणि शहराच्या आरोग्य संहितेत भर घालण्याचा अधिकार मंडळाला असतो. घराच्या आतील रंगात शिसे वापरू नये, हा नियम याच मंडळाने 1960 च्या सुमारास केला होता. देशव्यापी बंदी त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी आली. 5 डिसेंबर 2006 रोजी मंडळाने उपाहारगृहांतील कृत्रिम ट्रान्स फॅटवर, म्हणजे आपल्याकडे वनस्पती तुपामुळे परिचित असलेल्या घातक मेदावर, निर्बंध घातले. तळणीच्या तेलांसाठी 1 जुलै 2007 आणि उरलेल्या सर्व पदार्थांसाठी 1 जुलै 2008 अशी मुदत ठरली. मोठ्या साखळी उपाहारगृहांनी पदार्थांच्या फलकावर किमतीशेजारी उष्मांक लिहावेत, हा नियमही मंडळाचाच. तो एकदा न्यायालयात अडकला, 2008 मध्ये सुधारून पुन्हा केला गेला आणि 2009 मध्ये संघीय अपील न्यायालयाने वैध ठरवला.

दोन्ही नियम पुढे देशभर पोहोचले. न्यूयॉर्क राज्यातील ज्या परगण्यांत ट्रान्स फॅटवर निर्बंध आले, तेथे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण इतर परगण्यांच्या तुलनेत 6.2 टक्क्यांनी अधिक घटले, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. मंडळाचा आत्मविश्वास 2012 मध्ये एवढा का होता, ते या पार्श्वभूमीवर कळते. मंडळ नियम करते, उद्योग न्यायालयात जातो, शेवटी नियम टिकतो आणि काही वर्षांनी सारा देश तोच कित्ता गिरवतो, असे गणित जमल्यासारखे वाटत होते.

पेल्याकडे वळण्याचे कारण

साखरयुक्त पेयांचा वापर कमी करण्याचा ओळखीचा मार्ग करवाढीचा. राज्यपाल डेव्हिड पॅटरसन यांनी 2008 च्या अखेरीस अशा पेयांवर 18 टक्के कर सुचवला होता, 2010 मध्ये औंसामागे एक सेंट असा प्रस्ताव आला. दोन्ही विधिमंडळात बारगळले. असा कर लावायला शहराला राज्याची अनुमती लागते. मग शहराने केंद्राकडे प्रस्ताव पाठवला की, गरिबांना मिळणाऱ्या अन्नसाहाय्याच्या रकमेतून साखरयुक्त पेये विकत घेता येऊ नयेत. केंद्रीय कृषी खात्याने ऑगस्ट 2011 मध्ये तो नाकारला. राज्याचा दरवाजा बंद, केंद्राचा बंद. कोणाकडे न जाता शहराला काय करता येईल, या प्रश्नाचे उत्तर म्हणून पेल्याचा आकार पुढे आला. 30 मे 2012 रोजी ब्लूमबर्ग यांनी त्याची घोषणा केली.

कल्पना मुळात पोरकट नव्हती, हे टीकाकारांनीही मान्य करायला हवे. 1950 च्या दशकात मॅक्डोनल्ड्समध्ये कोकचा पेला 7 औंसांचा असे. सेव्हन-इलेव्हनने 1980 मध्ये 32 औंसांचा ‘बिग गल्प’ आणला. बारा औंसांच्या कोकाकोलाच्या डब्यात 39 ग्रॅम साखर असते. त्या हिशेबाने 32 औंसांत, बर्फाची जागा हिशेबात न धरता, शंभर ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते, म्हणजे पंचवीसएक चमचे. माणूस तहान मोजून पीत नाही, समोर आलेला पेला संपवतो, हे आहारशास्त्रातील अनेक प्रयोगांत दिसले आहे. आपल्याकडे ‘कटिंग’ मागितला की अर्धा पेला चहा येतो आणि तो संपल्यावर बहुतेकांचे समाधान होते. आणखी हवा असेल तो दुसरा मागवतो, पण त्यासाठी त्याला पुन्हा तोंड उघडावे लागते. शहराचा युक्तिवाद नेमका हाच होता. 32 औंस पिण्यास मनाई नाही, दोन पेले घ्या. मात्र दुसरा घेताना क्षणभर विचार होईल. त्या वेळी शहरातील निम्म्याहून अधिक प्रौढ आणि शाळकरी मुलांपैकी सुमारे 40 टक्के अतिवजनाच्या किंवा स्थूलतेच्या गटात मोडत होते, असे आरोग्य खाते सांगत होते.

मसुदा आणि त्यातील फटी

नियमाचा मसुदा वाचताना अडचणी जाणवू लागतात. ‘साखरयुक्त पेय’ याची व्याख्या अशी होती: मद्यविरहित, उत्पादकाने किंवा विक्रेत्याने साखर अथवा उष्मांकयुक्त गोडी घातलेले, दर 8 औंसांमागे 25 हून अधिक उष्मांक असलेले आणि निम्म्याहून अधिक दूध नसलेले पेय. अशा पेयासाठी 16 औंसांहून मोठा पेला किंवा बाटली देता येणार नव्हती. ग्राहक स्वतः यंत्रातून पेय भरून घेत असेल, तरी त्याला मोठा रिकामा पेला देण्यासही मनाई होती. नियमभंगास 200 डॉलरपर्यंत दंड होता.

व्याख्येमुळे मिल्कशेक आणि भरपूर दुधाच्या गोड कॉफ्या सुटल्या, वास्तविक त्यांतील काहींत कोकपेक्षा अधिक उष्मांक असतात. फळांचा शुद्ध रस सुटला. मद्य सुटले. पेला पुन्हा पुन्हा भरून घेण्यावर बंधन नव्हते. सर्वांत मोठी फट अधिकारक्षेत्राची होती. न्यूयॉर्कमध्ये उपाहारगृहांची तपासणी शहराचे आरोग्य खाते करते, तर किराणा आणि तत्सम दुकाने राज्याच्या कृषी व बाजार खात्याच्या कक्षेत येतात. परिणामी सेव्हन-इलेव्हनमधला ‘बिग गल्प’ विकायला मोकळीक राहिली आणि त्याच रस्त्यावरच्या पिझ्झावाल्याला मात्र दोन लिटरची बाटली घरपोच देता येईना. कोपऱ्यावरच्या छोट्या उपाहारगृहाच्या मालकाला हे सांगून पटवणे अवघडच.

12 जून 2012 च्या बैठकीत मंडळाच्याच काही सदस्यांनी दुधाची पेये, चित्रपटगृहांतील पॉपकॉर्न आणि पुनर्भरण यांविषयी शंका काढल्या होत्या. त्या शंकांमुळे मसुदा बदलला असता, तर मंडळाने आपल्या तज्ज्ञ बुद्धीने नियम घडवला, असे नंतर न्यायालयात सांगता आले असते. तसे झाले नाही. महापौरांच्या कार्यालयात तयार झालेला मसुदा मंडळाने आशयात बदल न करता स्वीकारला, ही गोष्ट पुढे न्यायालयाच्या नजरेतून सुटली नाही. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठी प्रशासकीय चूक हीच होती.

हरकती आणि विरोध

24 जुलै 2012 रोजी जाहीर सुनावणी झाली. लेखी हरकती व सूचना 38,000 हून अधिक आल्या, त्यांपैकी बहुसंख्य नियमाच्या बाजूने होत्या. दुसरीकडे, ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने घेतलेल्या जनमत चाचणीत 60 टक्के रहिवासी नियमाच्या विरोधात होते. दोन्ही आकडे खरे असू शकतात. हरकती नोंदवायला संघटना माणसे जमवतात, चाचणीत मात्र ज्याला फोन येतो तो बोलतो. ‘हरकती मागवल्या, बहुमत आमच्या बाजूने आले’ एवढ्यावर लोकमत आपल्यासोबत आहे असे समजणाऱ्या प्रशासनांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

पेय उद्योगाने प्रचारासाठी पैसा ओतला. महापौरांना आयाबाईच्या वेषात दाखवणारी पूर्ण पानभर जाहिरात वृत्तपत्रात झळकली. हा झाला अपेक्षित भाग. अपेक्षित नव्हते ते असे की, याचिकाकर्त्यांत पेय उत्पादकांच्या आणि उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनांबरोबर हिस्पॅनिक व्यापारी मंडळांचा महासंघ, कोरियन किराणा व्यावसायिकांची संघटना आणि शीतपेय कामगारांची युनियन होती. शिवाय कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’च्या राज्य शाखेने उद्योगाच्या बाजूने न्यायालयात निवेदन दिले. या संघटनांना कोकाकोलाकडून देणग्या मिळत असल्याची टीका तेव्हा झाली आणि ती निराधार नव्हती. तथापि, छोट्या उपाहारगृहांवर बंधन आणि मोठ्या साखळी दुकानांना मोकळीक, हा त्यांचा मुद्दा देणगीमुळे खोटा ठरत नाही. मधुमेहाचा सर्वाधिक भार ज्या वस्त्यांवर होता, त्यांच्याच प्रतिनिधी संस्था नियमाविरुद्ध उभ्या राहिल्या, याचा अर्थ आधी त्यांच्या दारात जाऊन बोलणे झाले नव्हते, असाच मी घेतो.

13 सप्टेंबर 2012 रोजी मंडळाने आठ विरुद्ध शून्य मतांनी नियम संमत केला. एक सदस्य तटस्थ राहिला. सिटी कौन्सिलसमोर तो ठेवलाच गेला नाही.

तीन न्यायालये

न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे नाव प्राथमिक न्यायालयाचे असते आणि सर्वोच्च न्यायालयाला ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणतात; आपल्या वृत्तपत्रांत यामुळे तेव्हा बराच घोळ झाला असणे शक्य आहे. टिंगलिंग हे प्राथमिक न्यायालयाचे न्यायमूर्ती. त्यांनी दोन कारणे दिली. अपवादांनी नियम इतका पोखरला गेला आहे की तो मनमानी ठरतो, हे एक. आणि मंडळाने कायदेमंडळाच्या अधिकारावर अतिक्रमण केले, हे दुसरे. 30 जुलै 2013 रोजी अपील खंडपीठाने एकमताने तोच निष्कर्ष कायम ठेवला. जानेवारी 2014 मध्ये महापौर झालेले बिल डी ब्लासिओ यांनी, अनेक बाबतींत पूर्वसुरींशी मतभेद असूनही, अपील मागे घेतले नाही. शेवटचा निकाल चार विरुद्ध दोन असा लागला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती यूजीन पिगॉट यांनी लिहिला.

त्या निकालाचा आधार 1987 चा ‘बोरेअली विरुद्ध ॲक्सेलरॉड’ हा खटला होता. राज्याच्या आरोग्य परिषदेने तेव्हा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावर निर्बंध घातले होते. धूम्रपान घातक आहे याविषयी न्यायालयाला शंका नव्हती, तरी नियम रद्द झाला. आरोग्य, व्यापार आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांतील कशाला किती वजन द्यायचे, हे परिषदेने स्वतः ठरवले होते का? विधिमंडळाने काही दिशा दिली होती का? त्याच विषयावर विधिमंडळात वारंवार प्रयत्न होऊन एकमत झाले नव्हते का? आणि नियम घडवताना विशेष तज्ज्ञता कामी आली होती का? अशा चार अंगांनी न्यायालयाने तपासणी केली. दोनच वर्षांनी, 1989 मध्ये, विधिमंडळाने स्वतः धूम्रपानविरोधी कायदा केला. म्हणजे बोरेअलीमुळे धूम्रपानबंदी मेली नाही, तिचा रस्ता बदलला.

पिगॉट यांनी हीच तपासणी पेल्याला लावली. शहराच्या वकिलांनी एक धाडसी दावा केला होता की, शहराच्या सनदेने, म्हणजे त्याच्या कारभाराच्या मूळ कायद्याने, आरोग्य मंडळाला प्रत्यक्ष कायदे करण्याचाच अधिकार दिला आहे, त्यामुळे बोरेअलीची मर्यादा त्याला लागू होत नाही. न्यायालयाने तो फेटाळला. शहरात कायदे करणारी संस्था एकच, ती म्हणजे सिटी कौन्सिल. साखरयुक्त पेयांविषयीचे प्रस्ताव कौन्सिलमध्ये आणि राज्य विधिमंडळात येऊन पडले होते, हेही न्यायालयाने ध्यानात घेतले.

निकालाचा गाभा मात्र अपवादांच्या यादीत नाही आणि येथे अनेक भाष्यकारांची गल्लत झाली आहे. खालच्या न्यायालयांनी फटींवर भर दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याहून व्यापक आधार घेतला. पूर्ण बंदी, इशाऱ्याचा फलक, पेल्याची मर्यादा असे अनेक मार्ग समोर असताना मंडळाने लोकांच्या दैनंदिन सवयीला अप्रत्यक्षपणे वळण लावण्याचा मार्ग निवडला. मोठ्या संख्येने लोक आवडीने करतात अशा गोष्टीत हस्तक्षेप करायचा, तर स्वातंत्र्य आणि अर्थकारण यांविषयी मूल्यनिर्णय करावे लागतात. ते करणे म्हणजे धोरण ठरवणे, निव्वळ नियम करणे नव्हे. ट्रान्स फॅटचे काय, या प्रश्नालाही निकालात उत्तर आहे. तेथे आरोग्याशी संबंध थेट होता आणि ग्राहकाच्या निवडीला धक्का नगण्य होता. समोसा कोणत्या तेलात तळला याच्याशी खाणाऱ्याला सहसा कर्तव्य नसते. (समोसा अर्थात माझा, न्यायालयाने त्याचा उल्लेख केलेला नाही.) येथे विरोधाभास असा की, सौम्य उपाय म्हणून जी गोष्ट मंडळाने निवडली, त्या सौम्यपणातच ती अडकली. बंदी नको, केवळ हलका धक्का द्यावा, हा विचार उदार वाटतो; पण किती हलका, कोणाला आणि कशासाठी हे ठरवणे न्यायालयाच्या लेखी राजकीय निर्णय होता.

न्यायमूर्ती सुझन रीड यांनी अल्पमताचा निकाल लिहिला आणि मुख्य न्यायमूर्ती जोनाथन लिपमन त्यांच्याशी सहमत झाले. एकोणिसाव्या शतकापासून या मंडळाने आरोग्याच्या क्षेत्रात व्यापक अधिकार वापरले आहेत, न्यायालयांनी ते मानले आहेत आणि बहुमताचा निकाल त्या परंपरेकडे पाठ फिरवतो, असे त्यांचे म्हणणे. मला हा युक्तिवाद बहुमतापेक्षा अधिक अभ्यासपूर्ण वाटतो. तरीही, ज्या मसुद्यात मंडळाने स्वतःचे काही घातले नाही, त्याच्या बचावासाठी मंडळाच्या दीर्घ परंपरेचा दाखला पुरेसा पडला नसता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

नंतर

पेला बाकीच्या देशात गेला नाही, उलट मिसिसिपी राज्याने 2013 मध्येच स्थानिक संस्थांना असे नियम करण्यास मनाई करणारा कायदा केला. पुढे गेली ती करवाढ. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने नोव्हेंबर 2014 मध्ये थेट मतदान घेतले. औंसामागे एक सेंट कराच्या बाजूने सुमारे तीन चतुर्थांश मते पडली. फिलाडेल्फियाच्या कौन्सिलने जून 2016 मध्ये औंसामागे दीड सेंट कर संमत केला आणि तो 1 जानेवारी 2017 पासून लागू झाला. तेथील महापौर जिम केनी यांनी आरोग्याचा फारसा उच्चारही न करता बालवाड्या आणि उद्याने यांसाठी पैसा हवा, असे सांगून पाठिंबा मिळवला. पहिल्या वर्षी शहरातील या पेयांची विक्री निम्म्याने उतरली. शेजारच्या गावांत वाढलेली विक्री वजा जाता घट 38 टक्के राहिली. त्या वर्षांत फिलाडेल्फियाच्या आरोग्य खात्याचे प्रमुख होते न्यूयॉर्कहून आलेले डॉ. थॉमस फार्ली.

प्रत्येक कर टिकला, असे नाही. शिकागो ज्या कुक परगण्यात आहे, तेथे ऑगस्ट 2017 मध्ये लागू झालेला कर लोकक्षोभामुळे डिसेंबरमध्ये मागे घ्यावा लागला. तोही निवडून आलेल्या सभेनेच केला होता आणि तिनेच तो मोडला.

न्यूयॉर्कच्या मंडळाने नंतर आपली चाल बदलली. 2015 मध्ये त्याने साखळी उपाहारगृहांना, ज्या पदार्थात 2,300 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सोडियम आहे त्याच्या नावाशेजारी मिठाच्या डबीचे चिन्ह छापण्यास सांगितले. निवड ग्राहकाकडेच राहिली आणि नियम न्यायालयात टिकला. बालसंगोपन केंद्रांत येणाऱ्या लहान मुलांना फ्लूची लस बंधनकारक करणारा नियम मंडळाने ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या महिन्यात केला होता. त्यावरही पालक न्यायालयात गेले आणि 28 जून 2018 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने, त्याच बोरेअलीच्या कसोट्या लावून, मंडळाच्या बाजूने निकाल दिला. लसीकरणाच्या बाबतीत नियम करण्याचे काम विधिमंडळाने मंडळाकडे फार पूर्वीच सोपवले होते.